संकेतस्थळावरील बटण आणि दुवा : पालक व विद्यार्थ्यांसाठी चार शब्द

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या संस्थेचे स्वतःचे संकेतस्थळ यंदा तयार करावयाचे ठरले आहे. प्रवेशाचा अर्ज, फी, निकाल, दाखल्यासाठीची विनंती हे सर्व त्यावरून व्हावे, आणि त्याचा आराखडा आपल्याच नववी-दहावीच्या मुला-मुलींनी काढावा, अशी कार्यकारी मंडळाची इच्छा आहे. त्यानिमित्ताने मी काही बोलावे असा आग्रह झाला. मी संगणकतज्ज्ञ नाही, बी.ए., बी.एड. झालेला, मराठी आणि इतिहास शिकवणारा शिक्षक आहे. परंतु गेली काही वर्षे दर जून-जुलैमध्ये संगणक कक्षात बसून पालकांचे ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे काम माझ्याकडे आहे. माणसाचे बोट पडद्यावर कोठे जाते, कोठे थबकते आणि कोठे चुकीच्या जागी पडते, हे मी जवळून पाहिले आहे. म्हणून आज फार मोठ्या गोष्टी न सांगता बटण आणि दुवा या दोनच गोष्टींविषयी बोलणार आहे.

एवढ्याशा विषयावर भाषण कशाला, असे कोणास वाटेल. त्यांच्यासाठी एक घडलेली गोष्ट सांगतो. आपल्याच एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी, ते रिक्षा चालवतात, रात्री जागून मोबाइलवर तिचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरला. कोणत्या संकेतस्थळावर, ते नाव मी घेत नाही. शेवटच्या पानावर दोन बटणे होती. एक हिरवेगार आणि रुंद, त्यावर लिहिले होते 'जतन करा'. दुसरे पान आणखी खाली सरकवले तरच दिसणारे, फिकट राखाडी, 'अंतिम सादरीकरण'. त्यांनी हिरवे दाबले. पडद्यावर 'यशस्वी' ही अक्षरे आली. ते निर्धास्त झोपले. मुदत संपून गेल्यावर कळले की अर्ज मसुदा म्हणूनच पडून होता, पुढे गेलाच नव्हता. मुलीची त्या वर्षाची रक्कम बुडाली. वडील मला म्हणाले, "सर, आम्ही अडाणी माणसं, आमचंच चुकलं."

हे वाक्य मला मान्य नाही, आणि ते का मान्य नाही हे सांगण्यासाठीच मी उभा आहे.

हाच माणूस दर निवडणुकीत मतदान यंत्रापुढे उभा राहतो आणि काही सेकंदांत बिनचूक मत देऊन बाहेर येतो. ते यंत्र आठवून पाहा. एका ओळीत उमेदवाराचे नाव, छायाचित्र, चिन्ह आणि त्याच ओळीत निळे बटण. बटण दाबले की शेजारचा लाल दिवा लागतो, 'बीप' असा आवाज येतो, आणि आता तर शेजारच्या पेटीत काचेआड सात सेकंद चिठ्ठी दिसते. दृष्टिहीन मतदारासाठी बटणाजवळ ब्रेलमध्ये क्रमांक असतो. १९८२ मध्ये केरळातील परूर येथे हे यंत्र प्रथम वापरले गेले. अक्षर न वाचणाऱ्यालाही ते चालवता येते, कारण ते बनवणाऱ्यांनी अक्षर न वाचणारा माणूस डोळ्यांसमोर ठेवला होता.

याच्या उलट उदाहरण अमेरिकेचे आहे. ७ नोव्हेंबर २००० रोजी तेथे अध्यक्षपदाची निवडणूक झाली. फ्लोरिडा राज्यातील पाम बीच परगण्यात मतपत्रिका दोन पानी होती; नावे डावीकडे आणि उजवीकडे, आणि भोके पाडण्याची जागा मधोमध एका ओळीत. डाव्या पानावर अल गोर यांचे नाव वरून दुसरे होते, पण त्यांचे भोक तिसरे. दुसरे भोक उजव्या पानावरील पॅट ब्युकॅनन यांचे. परिणामी ब्युकॅनन यांना त्या परगण्यात ३,४०७ मते पडली, जी तेथे कोणाच्याच अपेक्षेत नव्हती, आणि १९ हजारांहून अधिक मतपत्रिका एकापेक्षा जास्त भोके पडल्यामुळे बाद झाल्या. सबंध राज्यातील अंतिम फरक होता ५३७ मतांचा. ते मतदार अडाणी होते काय? तेव्हा चुकणाऱ्याच्या शिक्षणाकडे बोट दाखवण्याआधी बटणाकडे पाहण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे. अमेरिकन अभ्यासक डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८८ मध्ये रोजच्या वापरातील वस्तूंवर एक ग्रंथ लिहिला. दार ढकलायचे की ओढायचे हे माणसाला कळत नसेल तर दोष दाराचा, हा त्यातील विचार जगभर मान्य झाला आहे. आपल्या सभागृहाच्या भिंतीवरील विजेच्या बटणांची पाटी पाहा: आठ बटणे एका रांगेत, कोणता पंखा कोणत्या बटणाचा हे शिपाईमामांखेरीज कोणालाही ठाऊक नाही. पाहुणे बोलत असताना दिवे गेले की आपण हसतो. अर्जाच्या पानावर असे झाले तर कोणाचे तरी वर्ष जाते.

आता मूळ विषयाकडे वळू. बटण आणि दुवा यांत फरक आहे, आणि पुष्कळ संकेतस्थळे बांधणारेही तो पाळत नाहीत. दुवा आपल्याला एका पानावरून दुसऱ्या पानावर नेतो. बटण काही तरी घडवून आणते: अर्ज पाठवते, पैसे भरते, नोंद पुसते. दुव्यावर गेलो आणि जागा चुकली तर मागे येता येते, नुकसान काही नाही. बटणाचे तसे नाही. म्हणून ज्याने काही घडते ते बटणासारखे दिसावे आणि ज्याने केवळ जागा बदलते ते दुव्यासारखे दिसावे, हा साधा नियम. पान ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलमध्येही या दोहोंसाठी वेगवेगळ्या खुणा आहेत. विद्यार्थी मित्रांनो, ही गोष्ट तुम्ही विशेष लक्षात ठेवा. साधा चौकोन काढून, त्याला रंग देऊन बटणाचे सोंग आणता येते. दिसायला ते हुबेहूब असते. पण उंदीर न वापरता केवळ कळफलकावर काम करणारा माणूस त्या चौकोनापर्यंत पोहोचू शकत नाही, आणि दृष्टिहीन वापरकर्त्याला पडदा वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर 'हे बटण आहे' असे सांगत नाही. खरी खूण वापरली की या दोन्ही गोष्टी आपोआप मिळतात.

दुव्याचा निळा रंग आणि खालची रेघ कोठून आली, असे एका विद्यार्थ्याने मला विचारले होते. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत या जाळ्याची कल्पना मांडली, आणि १९९३ मध्ये इलिनॉय विद्यापीठातून आलेल्या मोझॅक या ब्राउझरमध्ये दुवे निळे असत. तेव्हापासून निळी, अधोरेखित अक्षरे दिसली की बोट तिकडे जाते. ही सवय आता जगाची झाली आहे. ती मोडण्यात शहाणपण नाही. उलट, जी अक्षरे दुवा नाहीत त्यांना निळा रंग आणि रेघ देऊ नये. ठळकपणा हवा असेल तर अक्षर जाड करावे. केवळ रंगावरही अवलंबून राहू नये. लाल आणि हिरवा यांत भेद न कळणारी माणसे, त्यांत पुरुष अधिक, आपल्यातही आहेत. 'लाल रंगाच्या चौकटी भरा' अशी सूचना त्यांना निरुपयोगी आहे.

येथे आपल्या दोन्ही भाषांची एक अडचण सांगितली पाहिजे, जी इंग्रजीतून नमुने उचलणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. मराठीत उकार आणि ऋकार अक्षराच्या खाली लागतात. रेघ अक्षराला चिकटून ओढली की 'गुण' आणि 'गण' यांत फरक राहत नाही. तेव्हा रेघ जरा खाली सरकवावी. त्याची सोय आता ब्राउझरमध्ये आहे. उर्दूचे पान तर उजवीकडून डावीकडे चालते आणि नस्तालीक लिपीत शब्द तिरका खाली उतरतो, नुक्ते खाली-वर पसरतात. इंग्रजी बटणाच्या उंचीत ते शब्द बसवले की वरचा अथवा खालचा भाग कापला जातो. आणि बाणाचे काय? मराठी पानावर 'पुढे' म्हणजे उजवीकडचा बाण. उर्दू पानावर 'आगे' म्हणजे डावीकडचा. मराठी पानाचाच बाण तसाच उर्दू पानावर ठेवला तर आजीबाई पुढे जाण्याऐवजी मागे जातील आणि आपणच गोंधळलो असे समजतील. आपल्या संकेतस्थळाची दोन्ही पाने हवीत, म्हणून हे आधीच सांगून ठेवतो.

सर्वांत महत्त्वाचा भाग मात्र बटणावरील शब्दांचा आहे, आणि तो संगणकाचा नसून भाषेचा आहे. म्हणजे येथे मराठीचा शिक्षक काही बोलू शकतो. बटणावरचा शब्द वाचून, ते दाबल्यावर काय होणार हे कळले पाहिजे. 'ओके', 'सबमिट', 'प्रोसेस' यांतून काही कळत नाही. 'अर्ज शाळेकडे पाठवा' यातून कळते. 'जतन करा' हा शब्द तर मला फारच खटकतो. पुस्तकी मराठीत तो ठीक आहे, पण किती घरांत कोणी 'जतन' म्हणतो? त्याऐवजी 'आत्तापुरते ठेवा, नंतर पुरे करीन' असे लिहिले असते तर त्या मुलीच्या वडिलांची फसगत झाली नसती. शब्द लांब झाले, बटण मोठे झाले, तर होऊ द्या. आणि पडद्यावर नुसते 'यशस्वी' लिहिण्याऐवजी 'अर्ज ठेवला आहे. अजून पाठवलेला नाही' अशी दोन वाक्ये लिहायला किती जागा लागते?

'रद्द करा' या शब्दाची गंमत पाहा. समजा, कोणाला भरलेला अर्ज मागे घ्यायचा आहे. पडद्यावर प्रश्न येतो, 'अर्ज रद्द करायचा आहे का?' आणि खाली दोन बटणे: 'ठीक आहे' आणि 'रद्द करा'. आता 'रद्द करा' म्हणजे अर्ज रद्द करा की अर्ज रद्द करण्याचा विचार रद्द करा? इंग्रजीतून शब्दाला शब्द ठेवल्याचा हा परिणाम. मी हा प्रश्न दहावीच्या वर्गात विचारला तेव्हा निम्मी मुले एका बाजूला, निम्मी दुसऱ्या बाजूला. एका मुलीने फळ्यावर येऊन दोन बटणे लिहिली: 'अर्ज मागे घ्या' आणि 'अर्ज राहू द्या'. कोणालाही शंका उरली नाही.

प्रश्न विचारून खातरजमा करण्याची पद्धत चांगली, पण प्रश्न नेमका हवा. १३ जानेवारी २०१८ रोजी सकाळी ८ वाजून ७ मिनिटांनी हवाई बेटांवर सर्वांच्या मोबाइलवर क्षेपणास्त्र येत असल्याचा सरकारी इशारा झळकला. तो खोटा होता. दुरुस्तीचा संदेश यायला ३८ मिनिटे लागली, आणि तोवर लोकांनी मुलांना घेऊन आसरा शोधला. आधी बातमी आली की कर्मचाऱ्याने चुकीचे बटण दाबले. पुढे चौकशीत निघाले की सराव चालू असताना त्याला हल्ला खराच वाटला होता. पण चौकशीत हेही निघाले की 'हा इशारा पाठवायचा आहे ना?' असा जो प्रश्न पडद्यावर येत असे, त्यातील शब्द सरावासाठी आणि खऱ्या इशाऱ्यासाठी अगदी एकच होते. असा प्रश्न माणूस न वाचता पार करतो. 'आपण राज्यातील सर्व लोकांना खरा इशारा पाठवीत आहात' असे लिहिलेले असते तर निदान एक क्षण थांबण्याला कारण मिळाले असते.

दुव्यांच्या बाबतीत 'येथे क्लिक करा' हा रोग सर्वत्र आहे. डोळस माणूस आजूबाजूचे वाक्य वाचून काम भागवतो. परंतु दृष्टिहीन विद्यार्थी पडदा-वाचकाकडून पानावरील दुव्यांची यादी ऐकतो, आणि त्याला ऐकू येते: येथे क्लिक करा, येथे क्लिक करा, येथे क्लिक करा. त्याऐवजी 'अकरावी प्रवेशाचे वेळापत्रक', 'फीची पावती' असे लिहिले की त्यालाही सोपे, आपल्यालाही सोपे. पानांच्या सुलभतेसाठी जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे आहेत, ज्यांची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली, त्यांत दुव्याचा हेतू कळला पाहिजे अशी स्पष्ट अट आहे. आणि हा केवळ सौजन्याचा प्रश्न राहिलेला नाही. ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्या व्यक्तींना बँकेच्या ऑनलाइन ओळख-पडताळणीत डोळ्यांची उघडझाप करता येत नव्हती; त्या प्रकरणात ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणे हा घटनेच्या २१व्या कलमातील जगण्याच्या हक्काचा भाग मानला.

आकाराविषयी थोडक्यात. पॉल फिट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये दाखवून दिले की एखाद्या जागेवर हात नेण्यास लागणारा वेळ तिच्या अंतरावर आणि आकारावर अवलंबून असतो. जागा दूर आणि लहान असेल तर वेळ अधिक. अँड्रॉइड मोबाइलसाठी गूगलच्या मार्गदर्शनात बटणाची बाजू सुमारे ९ मिलिमीटर असावी असे सांगितले आहे. ज्यांची बोटे पान्याने, करवतीने, जाळ्याच्या दोरीने राठ झाली आहेत त्यांच्यासाठी मी म्हणेन की त्याहून मोठे करा आणि दोन बटणांत मोकळी जागा सोडा. 'पाठवा' याच्या शेजारी 'सर्व पुसा' हे बटण तर कधीच नको. पूर्वी जवळपास प्रत्येक अर्जाखाली ते असे. अर्धा तास भरलेले एका स्पर्शात जाई. अक्षर आणि पार्श्वभूमी यांतील फरकाचेही माप आहे, साध्या अक्षरांसाठी किमान साडेचारास एक. पांढऱ्यावर फिकट राखाडी लिहिणे आज फॅशन आहे, पण ते या मापात बसत नाही आणि दुपारच्या उन्हात मोबाइलवर दिसतही नाही.

बटण दाबल्यावर उत्तर मिळाले पाहिजे. एस.टी.त कंडक्टरने दोरी ओढली की घंटा वाजते, ड्रायव्हरला कळते आणि आपल्यालाही कळते. आपले कितीतरी पालक आखातात नोकरीस आहेत. कुवेतला, मस्कतला पाळी संपवून खोलीवर आल्यावर मुलाची फी मोबाइलवरून भरतात. बटण दाबले आणि पडद्यावर काहीच हालले नाही तर माणूस पुन्हा दाबणार. मी तरी दाबीन. दोनदा फी जाते, मग परतीसाठी पत्रव्यवहार. म्हणून बटण दाबताक्षणी त्याचा रंग बदलावा, ते पुन्हा दाबता येऊ नये, त्यावर 'पैसे भरले जात आहेत, थांबा' असे यावे आणि शेवटी पावती क्रमांक दिसावा. हे करणे बांधणाऱ्याला अवघड नाही. त्याला सांगावे मात्र लागते.

पालकांसाठी एक इशाऱ्याची गोष्ट. आतापर्यंत मी नकळत बिघडलेल्या बटणांविषयी बोललो. काही बटणे मुद्दाम तशी केलेली असतात. 'हो' मोठे आणि रंगीत, 'नको' कोपऱ्यात बारीक अक्षरांत. खरेदीच्या यादीत आपण न मागितलेली वस्तू किंवा देणगी आधीच खूण करून ठेवलेली. नकाराच्या बटणावर 'नको, मला पैसे वाचवायचे नाहीत' असे टोचणारे वाक्य. हॅरी ब्रिग्नल या ब्रिटिश अभ्यासकाने २०१० मध्ये यांना 'डार्क पॅटर्न' हे नाव दिले, आणि आपल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा तेरा प्रकारांना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली. मुलांच्या हाती मोबाइल देताना नकाराचे बटण शोधायलाही त्यांना शिकवा.

आता कामाचे. आपल्या प्रवेश अर्जाचे सहा पडदे विद्यार्थ्यांनी जाड कागदावर काढले आहेत आणि ते संगणक कक्षाच्या भिंतीवर लावले आहेत. अजून एकही ओळ संगणकावर लिहिलेली नाही. कागदावर चूक दुरुस्त करायला खोडरबर पुरतो, म्हणून आधी कागद. जेकब नील्सन या अभ्यासकाचे म्हणणे असे की पाच माणसांसमोर वस्तू ठेवली तरी तिचे बहुतेक दोष उघडे पडतात. आम्हाला पाचांहून अधिक माणसे मिळतील अशी आशा आहे. विशेषतः ज्यांनी आजवर एकही अर्ज स्वतः भरला नाही अशा अम्मी, खाला, चाचा यांनी यावे. प्रत्येक कागदापुढे दोन विद्यार्थी उभे असतील. ते विचारतील, "फी भरायची असेल तर कोठे बोट ठेवाल?" आपण बोट ठेवावे आणि मनात येईल ते मोठ्याने बोलावे. विद्यार्थ्यांनो, तुम्ही काही सुचवायचे नाही, हसायचे नाही, 'इथे, इथे' म्हणायचे नाही; फक्त लिहून घ्यायचे. ज्या जागी तीन जणांचे बोट चुकेल ते बटण आपण बदलू, मग ते कितीही सुंदर काढलेले असो.

कक्ष तळमजल्यावर, ग्रंथालयाच्या शेजारी आहे. सायंकाळी सहापर्यंत तो उघडा राहील, आणि चहाची व्यवस्थाही तेथेच केली आहे.